वाचकांचे प्रश्न : वर्गात लिंगवैविध्य शिकवताना

लिंगनिश्चिती आणि लिंगभाव हे विषय शाळेत कसे शिकवावेत, याविषयी वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. शिक्षक, पालक आणि निवृत्त प्राध्यापक अशा अनेकांची पत्रे आली. त्यांतील काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. विद्यार्थ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववीला विज्ञान शिकवते. आनुवंशिकतेच्या पाठात टर्नर सिंड्रोम आणि क्लाईनफेल्टर सिंड्रोम यांचा उल्लेख येतो. टर्नर सिंड्रोम, म्हणजे ४४+एक्स अशी गुणसूत्रे असलेल्या स्त्रीविषयी मी सांगत असताना एका मुलीने विचारले, “बाई, मग ती मुलगी आहे की नाही?” वर्गात हशा पिकला आणि तेवढ्यात तास संपला. पुढच्या तासाला मी तिला काय सांगावे?

उत्तर : तिला सर्वप्रथम सरळ उत्तर द्यावे : होय, ती मुलगीच आहे. टर्नर सिंड्रोम सुमारे दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला असतो. तिची उंची कमी राहते आणि अंडाशयांची वाढ पूर्ण होत नसल्याने तिची पाळी बहुधा आपोआप सुरू होत नाही, परंतु तिला गर्भाशय असते, तिचे शरीर मुलीचे असते आणि ती मुलगी म्हणूनच लहानाची मोठी होते. क्लाईनफेल्टर सिंड्रोम, म्हणजे ४४+एक्सएक्सवाय ही स्थिती, तर पाचशे ते हजार मुलग्यांमागे एकाला असते आणि अनेकांच्या बाबतीत तिचे निदान आयुष्यभरात कधीच होत नाही. दोन हजार पटाच्या शाळेत असा एखादा विद्यार्थी असण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि कदाचित ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल. म्हणून हा पाठ शिकवताना तो विद्यार्थी आपल्याच वर्गात, समोरच्या बाकावर बसला आहे असे धरून बोलावे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘विकृती’, ‘दोष’, ‘अपूर्ण स्त्री’ असे शब्द मग आपोआपच तोंडी येणार नाहीत.

मुले हसली, याचे कारण पाठाच्या मांडणीतच आहे. एक्स-एक्स म्हणजे मुलगी आणि एक्स-वाय म्हणजे मुलगा, हे समीकरण आधीच्या पानावर पक्के झालेले असते. त्यात न बसणारे उदाहरण पुढच्या पानावर आले की मुले गोंधळतात आणि गोंधळली की हसतात. यावर उपाय असा की गुणसूत्रांपासून शरीरापर्यंतचा प्रवास एका उडीत न सांगता टप्प्याटप्प्याने सांगावा. गर्भधारणेनंतर सुमारे सहा आठवड्यांपर्यंत प्रत्येक गर्भाची जननग्रंथी एकसारखी असते आणि तिच्यातून अंडाशय किंवा वृषण यांपैकी काहीही घडू शकते. स्त्रीच्या आणि पुरुषाच्या आतील अवयवांच्या पूर्वरूप असलेल्या नलिकांच्या दोन्ही जोड्या त्या काळात प्रत्येक गर्भात असतात. त्यानंतर वाय गुणसूत्रावरील, १९९० साली शोध लागलेले एसआरवाय नावाचे जनुक कार्यरत झाले तर ग्रंथीचे वृषण होऊ लागते. वृषणातून टेस्टोस्टेरॉन आणि स्त्री-नलिकांची वाढ थांबवणारे दुसरे एक संप्रेरक स्रवते आणि पुढची घडण त्या दिशेने होते. एसआरवाय नसेल तर इतर जनुकांच्या प्रभावाखाली अंडाशय घडते. बाह्य अवयवांचा आकार त्याहूनही नंतर, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ठरू लागतो. मुलग्यांनाही स्तनाग्रे का असतात, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच. त्याचे उत्तर या सामाईक सुरुवातीत आहे.

हे सांगताना फळ्यावर एक तक्ता काढावा. गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके, आतील अवयव, बाह्य अवयव आणि वयात येतानाचे बदल असे सहा रकाने आखावेत. पहिल्या दोन ओळी मुलांकडून भरून घ्याव्यात : एक्स-एक्स गुणसूत्रांपासून सुरू होणारी एक आणि एक्स-वाय गुणसूत्रांपासून सुरू होणारी दुसरी. बहुसंख्य माणसे या दोन ओळींत मोडतात, हे स्पष्ट सांगावे. तिसऱ्या ओळीत टर्नर सिंड्रोम घ्यावा. चौथ्या ओळीत अँड्रोजेन असंवेदनशीलता ही स्थिती घ्यावी : गुणसूत्रे एक्स-वाय, ग्रंथी वृषण, टेस्टोस्टेरॉनही भरपूर, परंतु पेशींमधील त्याचे ग्राहक काम करत नसल्याने पेशींना ते जाणवतच नाही. ही स्थिती पूर्ण स्वरूपात असेल तर बाळ जन्मतः मुलगी दिसते, मुलगी म्हणून वाढते आणि वयात येताना तिचे स्तनही वाढतात, मात्र गर्भाशय नसल्याने पाळी येत नाही. पाचव्या ओळीत अधिवृक्क ग्रंथींचा, म्हणजे मूत्रपिंडांवरील संप्रेरकग्रंथींचा, जन्मजात विकार घ्यावा : गुणसूत्रे एक्स-एक्स, अंडाशय व गर्भाशय नेहमीचे, परंतु अधिवृक्क ग्रंथींतून पुरुषी संप्रेरके जास्त स्रवल्याने जन्मावेळी बाह्य अवयव मुलग्यासारखे दिसू शकतात. एवढा तक्ता भरला की कोणत्याही एका रकान्यावरून माणसाविषयी सर्व काही ठरवता येत नाही, हे मुलांच्या आपणच लक्षात येते.

एखादा चौकस विद्यार्थी खेळांविषयी विचारीलच. त्याला स्पेनची अडथळा-शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिची हकिकत सांगावी. १९८५ साली जपानमधील कोबे येथे गुणसूत्र चाचणीत ती एक्स-वाय ठरली. तिला अँड्रोजेन असंवेदनशीलता होती, म्हणजे वाढलेल्या टेस्टोस्टेरॉनचा तिला कोणताही लाभ मिळत नव्हता. तिची शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, खासगी माहिती वर्तमानपत्रांत छापून आली आणि १९८८ साली तिला पुन्हा पात्र ठरवण्यात आले. ऑलिम्पिकमधील सरसकट लिंगचाचणी १९९९ साली बंद झाली. २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची चाचणी सुरू केली आहे. स्पर्धेतील न्याय हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर विचारी माणसांत खरेखुरे मतभेद आहेत. तो जीवशास्त्राच्या तासाला निकालात काढण्याचा प्रयत्न करू नये.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. युग्मके, म्हणजे प्रजननपेशी, दोनच प्रकारची असतात, मोठी अंडपेशी आणि लहान शुक्रपेशी. तिसरे युग्मक अस्तित्वात नाही. असे असताना ‘लिंगे अनेक आहेत’ असे मुलांना सांगणे हे विज्ञान आहे की विचारसरणीचा प्रचार? आंतरलिंगी, म्हणजे शरीराची घडण स्त्री किंवा पुरुष यांच्या नेहमीच्या घडणीत न बसणाऱ्या, व्यक्तींचे प्रमाण १.७ टक्के असल्याचे सर्रास सांगितले जाते, तेही मला फुगवलेले वाटते.

उत्तर : युग्मकांविषयी आपण लिहिले आहे ते बरोबर आहे आणि वर्गात ते असेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मानवी प्रजननाला एक अंडपेशी आणि एक शुक्रपेशी लागते, आणि या अर्थाने लिंगे दोनच आहेत. आपल्या मताला सोयीचा तेवढाच भाग सांगायचा आणि उरलेला गाळायचा, ही सवय मुलांना आपणच लावली तर पुढे त्यांच्याकडून वैज्ञानिक दृष्टिकोनाची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही. परंतु ही व्याख्या प्रजननव्यवस्थेची आहे. टर्नर सिंड्रोम असलेल्या बहुतेक स्त्रियांच्या शरीरात कोणतेच युग्मक तयार होत नाही. त्या मुलीचे लिंग कोणते, असे आपल्याला विचारले तर आपणही युग्मकाकडे बोट न दाखवता तिच्या एकूण शरीराकडे पाहूनच उत्तर द्याल. वैविध्य आहे ते शरीराच्या घडणीत, आणि ‘लिंगे दोनच’ आणि ‘शरीरे अनेक प्रकारची’ ही दोन विधाने एकमेकांना खोडून काढत नाहीत.

टक्केवारीबाबतची आपली शंका रास्त आहे. १.७ हा आकडा अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ अ‍ॅन फॉस्टो-स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून आलेला आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा अधिवृक्क ग्रंथींच्या उशिरा दिसून येणाऱ्या सौम्य विकाराचा आहे, ज्यात जन्मावेळी बाळाच्या लिंगाविषयी कोणतीही शंका नसते. २००२ साली लिओनार्ड सॅक्स यांनी हा विकार, टर्नर आणि क्लाईनफेल्टर सिंड्रोम व आणखी काही स्थिती वगळून ०.०१८ टक्के, म्हणजे दहा हजारांत सुमारे दोन, असा आकडा मांडला. या दोन आकड्यांत जवळपास शंभरपटींचे अंतर आहे आणि ते जवळजवळ पूर्णपणे कोणाला मोजायचे यावर अवलंबून आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना दोन्ही आकडे देऊन फरक कशामुळे पडला ते शोधायला लावावे. व्याख्या बदलली की आकडेवारी कशी बदलते, हे शिकवणारा याहून चांगला पाठ मला माहीत नाही. कोणता आकडा खरा मानावा यावर आंतरलिंगी मुलाला मिळणारी वागणूक मात्र अवलंबून असता कामा नये. दहा हजारांत दोन असले तरी ते आपले विद्यार्थी आहेत.

लिंगभावाचा मुद्दा याहून वेगळा आहे आणि दोन्हींची सरमिसळ झाली की वर्गातली चर्चा भरकटते. शरीर कसे घडले हा एक प्रश्न. आपण कोण आहोत ही आतली जाणीव हा दुसरा. आणि मुलग्याने रडू नये, मुलीने मोठ्याने हसू नये अशा समाजाच्या अपेक्षा हा तिसरा. तिसऱ्याचे उदाहरण म्हणून मुलांना बालगंधर्वांविषयी सांगता येईल. त्यांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची धाटणी घरोघरच्या स्त्रियांनी उचलली होती. तो एका थोर नटाचा अभिनय होता. वेश किंवा भूमिका यांवरून कोणाच्याही आतल्या जाणिवेविषयी निष्कर्ष काढता येत नाही. पारलिंगी, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी ज्यांची आतली जाणीव जुळत नाही अशा, व्यक्तींचा प्रश्न त्या जाणिवेचा आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांची गुणसूत्रे आणि शरीराची घडण वरच्या तक्त्यातल्या पहिल्या दोन ओळींतलीच असते, आणि हे मुलांना सांगितलेच पाहिजे.

प्रश्न : मी रायगड जिल्ह्यात खाडीकाठच्या एका शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडचा जिताडा आधी नर असतो आणि नंतर मादी होतो, असे मी वाचले. हे उदाहरण वर्गात द्यावे का? माझे एक सहकारी म्हणतात की मुले त्यातून भलताच अर्थ काढतील.

उत्तर : अवश्य द्यावे. आपल्या विद्यार्थ्यांनी जिताडा पाहिलेला, हाताळलेला आणि खाल्लेला आहे, त्यामुळे त्यांना तो पुस्तकातल्या परदेशी माशापेक्षा कितीतरी अधिक कळेल. जिताडा प्रथम नर म्हणून प्रजननक्षम होतो आणि काही वर्षांनी, शरीर मोठे झाल्यावर, त्यातील बहुतेकांचे वृषण जाऊन अंडाशय तयार होतात. म्हणून खूप मोठे जिताडे बहुधा माद्या असतात. याला व्यावहारिक अंगही आहे : मोठे जिताडे वेचून मारले गेले तर अंडी घालणाऱ्या माद्याच उरत नाहीत. हे कोळीवाड्यातल्या मुलांना शिकवण्याची गरज मला फार वाटते. हेकरू आणि गोब्रा यांच्या कुळातील अनेक माशांत नेमके उलट घडते; ते आधी मादी असतात आणि पुढे नर होतात.

रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत नर-मादी ठरवणारी गुणसूत्रे नसतात. अंडी उबण्याच्या मधल्या काळात वाळूचे तापमान सुमारे २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर माद्या अधिक निपजतात, खाली राहिले तर नर अधिक. देशावरच्या शाळांसाठी पपईचे उदाहरण अधिक जवळचे आहे. पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडे असतात. लांब लोंबणाऱ्या देठांवर फुलांचे घोस असलेले झाड नर, खोडालगत जाडसर फुले असलेले आणि गोलसर फळ देणारे झाड मादी, आणि लांबट फळ देणारे झाड उभयलिंगी, हे पपई लावणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला आपल्याआधी ठाऊक असते. त्यालाच वर्गासमोर उभे करून सांगायला लावावे.

सहकाऱ्यांची शंका मात्र झटकून टाकू नये, कारण या उदाहरणांचा गैरवापर दोन्ही बाजूंनी होतो. जिताड्यावरून सिद्ध होते ते एवढेच की लिंग ठरण्याच्या निसर्गातील पद्धती अनेक आहेत. माणूस सस्तन प्राणी आहे आणि तो माशासारखा अंडाशयाचे वृषण किंवा वृषणाचे अंडाशय करू शकत नाही; हे त्याच तासाला सांगून टाकावे. निसर्गात आहे म्हणून ते माणसात योग्य, हा तर्कही लंगडा आहे. कोळी या आठ पायांच्या प्राण्याच्या काही जातींत मादी समागमानंतर नराला खाते, पण त्यावरून आपण संसाराचे नियम ठरवत नाही. पारलिंगी माणसाला सन्मानाने जगण्याचा जो हक्क आहे तो त्याच्या माणूसपणातून आलेला आहे आणि जगातील प्रत्येक मासा जन्मभर एकाच लिंगाचा असता तरी तो तेवढाच राहिला असता.

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. “मुलांच्या डोक्यात नको ते भरू नका,” अशी लेखी तक्रार एका पालकाने केली आहे. एनसीईआरटीची पुस्तिकाही मागे घेतली गेली होती. मग आम्ही शिकवावे तरी कशाच्या आधारावर?

उत्तर : पारलिंगी मुलांना शालेय शिक्षणात सामावून घेण्याविषयीची एनसीईआरटीची शिक्षकांसाठीची पुस्तिका २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतल्यानंतर काही दिवसांतच संकेतस्थळावरून हटवली गेली, हे खरे आहे. परंतु आपला आधार त्या पुस्तिकेवर कधीच नव्हता. आनुवंशिकता आणि लिंगनिश्चिती हे मंडळाच्या विज्ञानाच्या पुस्तकांतील भाग आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींची ओळख आणि त्यांचे मूलभूत हक्क मान्य केले. त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांत ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी होत्या. २०१९च्या तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या कायद्यात मान्यताप्राप्त आणि अनुदानित शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता शिक्षण व खेळाच्या संधी द्याव्यात अशी तरतूद आहे. शाळेला यापेक्षा अधिक आधार लागत नाही.

त्या पालकांना मात्र कलमे ऐकवू नयेत. त्यांना शाळेत बोलावून पाठ दाखवावा, फळ्यावर काढणार तो तक्ता दाखवावा आणि हे शिक्षण त्यांच्या मुलांच्या आरोग्यासाठी का आवश्यक आहे ते सांगावे. पंधराव्या वर्षापर्यंत मुलीची पाळी सुरू झाली नाही, किंवा चौदाव्या वर्षापर्यंत मुलग्यात वयात येण्याची कोणतीच खूण दिसली नाही, तर डॉक्टरांना दाखवले पाहिजे. टर्नर सिंड्रोमचे निदान वेळेवर झाले तर उंचीसाठी आणि संप्रेरकांसाठी उपचार करता येतात. हृदयाची तपासणीही करावी लागते. अधिवृक्क ग्रंथींच्या विकाराच्या तीव्र प्रकारात बाळाच्या शरीरातून मीठ निघून जाऊन पहिल्या काही आठवड्यांतच ते दगावू शकते आणि नियमित औषधाने तेच बाळ चांगले जगते. आपल्याकडे अशी मुले लपवली जातात, कोणी नवस बोलते, कोणी गाव सोडते. बीड जिल्ह्यातील पोलीस दलातील एका शिपायाची बातमी २०१८ मध्ये महाराष्ट्रभर गाजली होती. मुलगी म्हणून वाढलेल्या त्या व्यक्तीला आपल्या शरीरातील वाय गुणसूत्राचा पत्ता लागला तो नोकरीला लागल्यानंतर. शाळेत हे साधेपणाने शिकवले गेले असते तर अशा कितीतरी मुलांची तरुण वर्षे संभ्रमात गेली नसती, असे मला मनापासून वाटते.

पालकसभेत आणखी एक गोष्ट सांगावी. आंतरलिंगी बाळ जन्मले की घाईने शस्त्रक्रिया करून त्याला ‘एका बाजूचे’ करण्याचा आग्रह नातेवाईक धरतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या निकालानंतर तमिळनाडू सरकारने, जीवाला धोका असल्याखेरीज, बालकांवरील अशा शस्त्रक्रियांना बंदी घातली. तो आदेश तमिळनाडूपुरता असला तरी त्यामागचा विचार आपल्याकडच्या आईवडिलांनाही उपयोगी आहे : जीव वाचवण्यासाठी लागेल ते तातडीने करावे, आणि बाकीचे उपचार मूल मोठे होऊन स्वतः सांगू शकेपर्यंत थांबवावेत.

प्रश्न : आठवीतील एका मुलीने मला एकटे गाठून सांगितले, “सर, मला मुलगी असल्यासारखे वाटतच नाही. घरी सांगू नका.” मी काय करावे? पालकांना न कळवणे योग्य होईल का?

उत्तर : तिने आपल्याला सांगितले याचा अर्थ तिने आपल्यावर विश्वास टाकला आहे, आणि त्या विश्वासाला जागणे हे पहिले काम. “सांगितलेस हे चांगले केलेस. तुझ्यात काही चुकीचे नाही. तू सांगितल्याशिवाय मी कोणालाही सांगणार नाही,” एवढी तीन वाक्ये पुरेशी आहेत. “हे वयच असे असते, जाईल निघून” असे म्हणू नये आणि “म्हणजे तू पारलिंगी आहेस” असेही म्हणू नये. निदान करणे किंवा नाव देणे हे शिक्षकाचे काम नाही. काही मुलांची ही जाणीव कायम राहते, काहींची बदलते, काहींना फक्त मुलींवरच्या बंधनांचा जाच होत असतो. यांतले काय आहे हे त्या मुलीलाही कळायला वेळ लागेल आणि तो वेळ तिला निर्धास्तपणे मिळावा, एवढेच आपल्या हातात आहे. तिला कशाचा त्रास होतो ते विचारावे. उत्तर बहुधा अगदी साधे असते : स्वच्छतागृह, स्कर्टचा गणवेश, कवायतीला मुलामुलींच्या वेगळ्या रांगा. यांतले बरेचसे कोणाचेही नाव न घेता बदलता येते. सर्वच मुलींना पँट घालण्याची मुभा द्यावी, रांगा उंचीप्रमाणे लावाव्यात, हजेरी क्रमांकाने घ्यावी, आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी बांधलेले स्वच्छतागृह, त्यांची अडचण न करता, गरज असलेल्या कोणालाही वापरता येईल असे ठेवावे.

पालकांना कधी सांगायचे हे तिच्याशी बोलून, तिच्या संमतीने ठरवावे, कारण घरात मारहाण होण्याची, शाळा बंद होण्याची किंवा घाईने लग्न उरकले जाण्याची शक्यता किती आहे हे तिलाच अधिक कळते. दोन अपवाद आहेत. ती स्वतःच्या जीवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलत असेल तर विश्वासातील मोठ्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावेच लागेल, आणि आपण सांगणार आहोत हे तिला आधी सांगावे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणे बंधनकारक आहे. मदतीसाठी शासकीय रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ क्लिनिक, १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन आणि १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन उपलब्ध आहे. उपचारांनी किंवा समुपदेशनाने तिला ‘सरळ’ करून देतो असे कोणी सांगितले तर सावध राहावे. अशा तथाकथित रूपांतरण उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. घरच्यांनी मांत्रिकाकडे नेऊन मारहाण केली किंवा कोंडून ठेवले, तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार आहे.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा सुंदर रांगोळी काढतो, म्हणून शाळेत त्याला ‘बायल्या’ म्हणून चिडवतात. परवा सिग्नलवर एक तृतीयपंथी व्यक्ती दिसल्यावर त्याने विचारले, “आई, मी मोठेपणी असा होणार का?” मला काय बोलावे ते सुचले नाही.

उत्तर : त्याला सांगावे की रांगोळी आवडणारा मुलगा म्हणजे रांगोळी आवडणारा मुलगा. बोटांतल्या कलेवरून कोणाचेही लिंग किंवा लिंगभाव ठरत नाही. मोठेपणी तो कोण होईल हे तो स्वतः मोठेपणी सांगेल आणि तेव्हाही आपण त्याची आईच असाल, हे त्याच्या कानावर आत्ताच पडू द्यावे. चिडवणाऱ्या मुलांची तक्रार वर्गशिक्षकांकडे जरूर करावी, मात्र ‘माझा मुलगा तसा नाही’ अशा शब्दांत करू नये, कारण मग तसा असलेला दुसरा एखादा मुलगा त्याच वर्गात आणखी एकटा पडतो.

सिग्नलवरच्या व्यक्तीविषयीही त्याला नीट सांगावे. हिजडा समाजातील सर्व माणसे जन्मतः वेगळ्या शरीराची असतात हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. त्यांच्यातील अनेकजण मुलगा म्हणून जन्मलेले आणि स्वतःला तसे न मानणारे असतात, आणि घरातून हाकलले गेल्यावर गुरूच्या घरी आसरा घेतात. इंग्रज सरकारच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तर हिंदुस्थानात त्यांची पोलिसांकडे नोंद करवून त्यांच्या नाचगाण्यावरही बंदी आणली होती. चरितार्थाची साधने हिरावल्यावर मागण्याखेरीज फारसे उरत नाही. २०११च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरातून सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्तींची नोंद झाली. शाळेने अशा एखाद्या व्यक्तीला बोलावून मुलांशी संवाद घडवावा, अशी सूचना आपण पालक म्हणून करू शकता. तेव्हा प्रश्न त्यांच्या कामाविषयी, शिक्षणाविषयी आणि लढ्याविषयी असावेत, शरीराविषयी नसावेत, एवढी अट शिक्षकांनी आधीच घालून द्यावी. बृहन्नडा आणि शिखंडी यांच्या कथा मुलांना आवडतात आणि त्या जरूर सांगाव्यात, पण समोरच्या जिवंत माणसाची ओळख करून देण्याचे काम त्या कथांवर सोपवू नये.

प्रश्न : हे सर्व शिकवल्यावर परीक्षेत ‘लिंगनिश्चिती कशी होते?’ या प्रश्नाचे उत्तर मुलांनी काय लिहावे? गुण जातील का?

उत्तर : पुस्तकातील उत्तर लिहावे, कारण सर्वसाधारण नियम म्हणून ते बरोबरच आहे : आईकडून एक्स आणि वडिलांकडून एक्स किंवा वाय गुणसूत्र मिळते आणि त्यावरून बाळाचे लिंग ठरते. ते उत्तर मुलांकडून घोटून घ्यावे, कारण मुलगी झाली म्हणून आजही सुनेला बोल लावणारी घरे आपल्या राज्यात आहेत आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ साली होऊनही छुप्या तपासण्यांची प्रकरणे उघडकीला येतात. या उत्तराला पुढे एक ओळ जोडायला सांगावे : ‘काही व्यक्तींमध्ये गुणसूत्रांची संख्या, जनुकांचे कार्य किंवा संप्रेरकांचा परिणाम वेगळा असल्याने शरीराची घडण वेगळी होते.’ ही ओळ शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे आणि तिच्यामुळे गुण कापण्याचे कोणत्याही परीक्षकाला कारण नाही.